शिंपला उघडला का?

गौरी-गणपती झाले की आमच्या हॉलमध्ये ऊन येतं. एरवी वर्षभर येत नाही. पूर्वेच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्याची भिंत आहे, ती सगळं अडवते. पण भाद्रपद सरत आला की सूर्य जरा दक्षिणेला सरकतो आणि त्या भिंतीच्या कडेनं सकाळी एक तिरपा पट्टा आत घुसतो. आधी सोफ्यावर, मग टीपॉयवर, आणि मग बरोबर साहेबांच्या काचेच्या समुद्रावर. आज चहाचा कप घेऊन बसले आणि पायाला ऊब लागली. खाली बघितलं तर पट्टा आलेला. म्हटलं, आलास का बाबा पुन्हा.

साहेब म्हणजे आमचे हे. रोह्याला धाटावच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये जन्म गेला त्यांचा. कंपनीतली मंडळी साहेब म्हणायची, मी चिडवायला म्हणून तसंच म्हणायला लागले, आणि मग तेच नाव पडलं. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका होते. मूलबाळ नाही. त्यावर लोकांनी पुरेसं बोलून घेतलेलं आहे, मी त्यात भर घालत नाही. साहेब रिटायर झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता जरा फिरू, माणसात जाऊ. तर यांनी घरात समुद्र आणला. काचेचा मोठा टँक, त्यावर निळसर दिवे, आत दगड, दगडांवर जिवंत पोवळी, दोन केशरी मासे, आणि सगळ्यांच्या मधोमध एक शिंपला. "आयुष्यभर दुसऱ्यांचं पाणी तपासलं," म्हणायचे, "आता स्वतःचं तपासतो."

आता माझं माहेर पेणच्या खाडीकाठचं. आई-बाप दोघं मिठागरावर. आमच्याकडे तिसऱ्या, म्हणजे खाडीतले छोटे शिंपले, पाटी भरून यायच्या, आई विळीवर बसून त्या फोडायची, आणि सगळ्या घराला ओल्या चिखलाचा नि खोबऱ्याच्या वाटणाचा वास लागायचा. शिंपला दिसला की आमच्या डोक्यात पहिल्यांदा कालवण येतं. त्यामुळे पनवेलच्या दुकानातून साहेबांनी हा तळहाताएवढा शिंपला पिशवीतल्या पाण्यात जपून आणला तेव्हा मी विचारलं, "एकच? एकात काय होणार?" साहेब दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तेव्हापासून मी त्याला शिंपलोबा म्हणायला लागले. भांडण मिटवायचं तर काहीतरी मान द्यायला नको?

पण खोटं कशाला सांगू, तो होता देखणा. शिंपला उघडला की आतून मांसाची जाड झालर बाहेर यायची, दोन्ही काठांवरून ओसंडून. गडद निळी, मध्ये मोरपंखी ठिपके, आणि कडेला हिरवी रेघ. शालूचा काठ पाण्यात पसरावा तशी. त्या झालरीच्या कडेला बारीक डोळे असतात, असं साहेब सांगायचे. आपल्यासारखं दिसत नाही त्यांना. उजेड कळतो आणि सावली कळते, एवढंच. वरून हात नेला की शिंपला चटकन मिटायचा. मी समोरून झाडू घेऊन गेले तरी मिटायचा.

"बघ, ओळखलं तुला," साहेब म्हणायचे.

"सावलीवरून कुणी ओळखतं होय?"

"तू रोज जातेस ना समोरून. ओळखणारच."

टँकचे नियम साहेबांचे. मला त्यातले दोनच पाठ होते. पहिला नियम माझ्या माहेरचाच. ऊन पाणी नेतं आणि मीठ ठेवून जातं, यावर तर आमचं आख्खं खानदान जगलं. टँकमधलं पाणी रोज थोडं उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज सकाळी तेवढंच गोडं पाणी वरून घालायचं. त्यासाठी साहेबांचा एक पांढरा प्लास्टिकचा जग होता. रात्री तो फिल्टरच्या पाण्यानं भरून ठेवायचे आणि सकाळी उठल्याबरोबर, तोंड धुवायच्या आधी, टँकच्या मागच्या कोपऱ्यात हळूहळू ओतायचे. कोपर काचेवर टेकवून, थेंब न उडवता. मी कधीकधी त्यांना डिवचायला पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि सांगायचे, आज खारट जास्त आहे. आमचे वडील असंच बोट चाखून वाफ्यातलं पाणी सांगायचे. साहेब मग त्यांचं यंत्र काढून मोजायचे आणि बहुतेक वेळा माझी जीभ खोटी पडायची. त्यावर आमचा सकाळचा चहा मजेत व्हायचा.

दुसरा नियम तांब्याचा. तांबं या घरात समुद्राच्या जवळ यायचं नाही. मीठ-पाण्यातल्या बिनकण्याच्या जिवांना तांब्याचा कणही विषासारखा, माशांना चालेल एखादवेळ, शिंपल्याला नाही. पाहुण्याच्या बोटात तांब्याची अंगठी दिसली तरी साहेब त्याला टँकपासून लांब बसवायचे. माझ्या आईनं लग्नात दिलेला हंडा, कळशी, तांब्या सगळं माळ्यावर गेलं. मी चिडले होते तेव्हा. सकाळी तांब्यातलं रात्रीचं पाणी प्यावं, पोट साफ, डोकं शांत, हे लहानपणापासून ऐकत आले मी. आमच्यात तांब्याइतकं शुद्ध दुसरं काही नसतं. साहेब म्हणाले, "तुझ्या देवाला चालतं, माझ्या शिंपल्याला चालत नाही." तरी गणपतीत कलशाला तांब्या लागतोच, म्हणून वर्षातून एकदा भांडी खाली यायची. मी चिंच-मीठ लावून ती लखलखीत घासायचे, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः स्टुलावर चढून ती परत माळ्यावर ठेवायचे. ते काम त्यांनी कधी माझ्यावर टाकलं नाही.

मागच्या वर्षी ती भांडी माळ्यावर गेली नाहीत. ओट्याच्या टोकाला तशीच राहिली. मी म्हटलं, चढतील उद्या. नाही चढले. मला बरंच वाटलं, खरं सांगते. आईचा तांब्या डोळ्यांसमोर होता.

मागच्या वर्षीचा तो हंगाम आज या पट्ट्याबरोबर आख्खा घरात शिरलाय. गणपती गेल्यावरचं ते चिकट ऊन. न वाळणारे पडदे. दारातल्या बादलीत निर्माल्य, त्यात कुजत चाललेल्या तेरड्याचा वास. गल्लीत सगळीकडे पाहुणे परत गेलेले आणि एकदम पडलेली शांतता. दुपारी वारा धाटावकडून फिरला की कंपन्यांचा वास यायचा. साहेब पूर्वी नाक वर करून त्या वासाचं नाव सांगायचे, हा अमुक, हा तमुक, जशी आमची आई वासावरून मासळी ओळखायची. त्या वर्षी एक दिवस वास आला आणि साहेब मला म्हणाले, "अगं, गॅसवर काही लागलंय का?" मी आत जाऊन बघून आले. गॅस बंद होता. मी म्हटलं, नाही हो, आणि विसरून गेले.

त्याच दिवसांत शिंपला आजारी पडला. आधी मला वाटलं, नाटकं करतोय. झालर पूर्वीसारखी बाहेर येईना. आखडून आत गेलेली, कडा मुडपलेल्या, निळा रंग धुतल्यासारखा. आणि मधलं तोंड मात्र आ वासलेलं, दिवसभर. त्याहून वाईट म्हणजे, मी वरून हात नेला तर तो मिटला नाही. मी परत नेला. मिटायला त्यानं इतका वेळ घेतला की तिसऱ्यांदा मी हात नेलाच नाही.

साहेब रोज सकाळी पलंगावरूनच विचारायचे, "शिंपला उघडला का?" आणि मी रोज सांगायचे, उघडतोय, उघडतोय. एरवी या माणसानं घर डोक्यावर घेतलं असतं. टेस्ट किट काढली असती, टेबलभर बाटल्या मांडल्या असत्या, मला दहा वेळा ओरडले असते की दिवा कुणी हलवला. त्या वर्षी ते टँकसमोर खुर्ची टाकून नुसते बसायचे. मला वाटलं, धसका घेतलाय. म्हणून मीच कंबर कसली. कारण शिंपला मेला तर या माणसाला मी काय सांगणार होते? आणि त्याहून खरं सांगायचं तर, आमच्यात बोलायला तेवढा एकच विषय उरला होता. बाकीचं बोलणं कधी आटत गेलं ते कळलंच नाही. शिंपला गेला असता तर सकाळचा चहा आम्ही कशावर प्यायलो असतो?

मग मी रोग शोधायला लागले. आयुष्यभर पोरांच्या वह्यांतल्या चुका शोधल्या, शिंपल्यात एक चूक सापडणार नाही? आधी मीठ मोजलं, यंत्रानं. जिभेवर विश्वास ठेवला नाही. मीठ बरोबर. पाणी कोमट जास्त आहे का बघितलं. नाही. मग हा उन्हाचा पट्टा. म्हटलं, याचाच ताप होत असेल, आणि खिडकीला जुनी साडी बांधली. दोन दिवस गेले, काही फरक नाही. मग पनवेलच्या दुकानदाराला फोन लावला. चांगला माणूस आहे, मला वहिनी म्हणतो.

"वहिनी, साहेबांना द्या ना फोन. ते सांगतील बरोबर."

"ते आंघोळीला गेलेत," मी म्हटलं. साहेब समोरच बसले होते.

का म्हटलं मी तसं? त्या वेळी स्वतःला विचारलंही नाही. तोंडातून गेलं. आदल्या आठवड्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला तेव्हाही मी म्हटलं होतं, ते झोपलेत.

दुकानदारानं सांगितलं, शिंपल्याच्या बुडाशी बारीक गोगलगायी चिकटतात, त्या रस पितात, बघा. मी हातमोजे घालून शिंपला हलकेच उचलला. जीव मुठीत धरून. बुडाशी भिंग लावून कण न् कण बघितला. गोगलगाय म्हणजे तांदळाच्या कणीएवढी असते म्हणे. कणी निवडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण एकही सापडली नाही. मग तो म्हणाला, झालर आखडली असेल तर थोडा वेळ गोड्या पाण्याची आंघोळ घालून बघा. समुद्राच्या जिवाला गोड्या पाण्यात! मी पातेल्यात फिल्टरचं पाणी घेतलं, शिंपला त्यात ठेवला आणि घड्याळाकडे न बघता नुसती देवाचं नाव घेत उभी राहिले. साहेब मागून म्हणाले, "धुतेस का त्याला?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "बरं."

आंघोळीनंही गुण आला नाही. मी परत फोन केला तेव्हा दुकानदार म्हणाला, "वहिनी, तांबं तर नाही ना गेलं पाण्यात?"

मला असा राग आला! "तांबं? आमच्या घरात? साहेबांच्या घरात? तुम्ही ओळखता ना त्यांना?"

"तसं नाही हो वहिनी. पण लक्षणं तशीच वाटतात."

फोन ठेवला आणि मला आठवलं. माझा धाकटा भाऊ धर्मा. त्याचा पेणजवळ जोह्याला गणपतीचा कारखाना आहे. आमचा गणपती दरवर्षी तोच आणतो. त्या वर्षी टेम्पोतून आणताना मूर्तीच्या पितांबराचा काठ घासला गेला, म्हणून त्यानं आमच्याच हॉलमध्ये, टँकपासून हातभर अंतरावर, डबी उघडून सोनेरी रंगाचा हात मारला होता. सोनेरी रंग! त्यात धातूची पूड असते, पितळेची, म्हणजे तांबंच आलं की. सापडला चोर. मी साडी बदलली, शेजारच्या वहिनींना साहेबांवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि पेणची एसटी पकडली.

गणपती गेल्यावर जोह्याला जाऊन बघा कुणीतरी. महिनाभर आधी पाय ठेवायला जागा नसते. आणि नंतर? रिकामे साचे भिंतीला टेकलेले, फळ्यांवर पांढरी धूळ, एखाददुसरी न गेलेली मूर्ती कापड पांघरून बसलेली, आणि मागे लोंब्यांनी वाकलेलं भात. धर्मा दारात बसून ब्रश धूत होता. मला बघून उठला, आणि मी दारातूनच सुरू झाले.

"कसला रंग लावलास रे माझ्या घरात? साहेबांचा शिंपला मरायला टेकलाय तुझ्या रंगानं!"

"अगो ताय, बस तं खरी. पाणी पी आधी."

"पाणी नको मला. रंगात तांबं होतं का नाही ते सांग."

त्यानं आतून डबी आणली. माझ्या हातावर रंग घासला, पाण्यानं धुतला. "या रंगात धातू नाय गो. अभ्रक हाय. चकाकतो तो अभ्रकानं. आनि मी टाकीवर कापड टाकलंवतं, इसरलीस? भावजींना आवडत नाय म्हनून मीच टाकलंवतं."

टाकलं होतं. माझ्याच ओढणीचं. मला आठवलं आणि मी आणखीच भडकले. माणूस चुकला की त्याचा आवाज चढतो, तसं माझं झालं. धर्मा ऐकून घेत होता. मग ब्रश खाली ठेवून तो म्हणाला, "ताय, एक बोलू? रागावशील."

"बोल."

"भावजींकडं बघ जरा. मी रंग लावीत होतो तवा माझ्याशेजारी उभे राहिले नि मला इचारलं, कुठनं आलात? मी म्हटलं, भावजी, मी धर्मा. हसले. परत जरा येळानं इचारलं, कुठनं आलात, पेंटर? च्या घेनार का? मला आधी वाटलं, मस्करी करतात."

"मस्करीच असणार."

"नाय गो ताय."

मी उठले. धर्माच्या बायकोनं चहा आणला होता, तो घेतला नाही. माहेरचा चहा न घेता निघणं म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. धर्मा स्टॉपपर्यंत मागून आला. पेणहून रोह्याची गाडी वडखळला नेहमीसारखी रखडली. खिडकीतून मिठागरं दिसत होती. त्या दिवसांत तिथे मीठ नसतं, नुसतं पावसाचं पाणी साचून असतं, आणि बांधांवर बगळे. लहानपणी आम्ही याच दिवसांत बांधावर बसून विचारायचो, बाबा, मीठ कधी? बाबा म्हणायचे, आधी हे गोडं पाणी जाऊ दे. मी खिडकीला डोकं टेकलं आणि मनात धर्माशी भांडत राहिले. पेंटर म्हणे. माझ्या नवऱ्याला येडा ठरवतोय. भांडता भांडता कधी रडायला लागले, शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला लवकर जाग आली. पलंगावर साहेब नव्हते. खिडकीची साडी मी आदल्या संध्याकाळी सोडली होती, त्यामुळे पट्टा आत आला होता. हॉलच्या दारातून बघितलं, तर साहेब टँकच्या मागच्या कोपऱ्याशी उभे. कोपर काचेवर टेकवलेलं. पाणी बारीक धारेनं, एक थेंब न उडवता ओतत होते. इतक्या वर्षांची सवय, कुठे म्हणून हात चुकला नव्हता. आणि त्या हातात आईचा तांब्या होता. ऊन त्याच्यावर पडून सगळ्या भिंतीवर लाल डाग हलत होता.

गणपतीनंतरच्या आवराआवरीत पांढरा जग कुणीतरी कपाटात मागे टाकला होता. साहेबांना तो सापडला नव्हता. एका जगासाठी पूर्वी जाब विचारणारा माणूस, त्यानं मला विचारलंही नव्हतं. ओट्यावर दिसलं ते भांडं घेतलं होतं. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचे आणि सकाळी मी उठायच्या आत ओतून परत पलंगावर येऊन पडायचे. गणपती गेल्यापासून रोज.

"साहेब, काय करताय?"

"पाणी घालतोय. रोज घालतो की."

"कशानं घालताय?"

त्यांनी हातातल्या तांब्याकडे बघितलं. मला अजून वाटत होतं, आता दचकतील. आता तांब्या फेकतील. आता मला ओरडतील की हे भांडं खाली राहिलंच कसं. मी देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला त्यांचं ओरडणं हवं होतं. जगात दुसरं काही नको होतं.

"हे तांबं आहे हो," मी म्हटलं.

"हो. छान घासलंयस," साहेब म्हणाले, आणि उरलेलं पाणी ओतून टाकलं.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. शिंपल्याचा रोग सापडला होता. त्याबरोबर दुसराही सापडला होता, आणि तो मी शोधत नव्हते. किंवा शोधतच होते, नि म्हणून तर लोकांना सांगत होते, ते आंघोळीला गेलेत, ते झोपलेत. मीठ जिभेला कळतं. हे मला जिभेला लावूनही कळलं नसतं. मी धर्माला फोन लावला.

"धर्मा, तुझा रंग नव्हता रे."

तो म्हणाला, "व्हय गो ताय. येऊ का?"

"ये," मी म्हटलं.

पुढचं सगळं कामाचं. दुकानदारानं एसटीच्या पार्सलनं पाणी गाळायच्या कोळशाच्या पिशव्या पाठवल्या आणि तांबं शोषणाऱ्या पांढऱ्या वड्या. ती पांढरी वडी पाण्यात ठेवली आणि ती हळूहळू निळसर झाली; दुकानदार म्हणाला, निळी झाली म्हणजे तांबंच. पाणी बदललं, परत बदललं. धर्मानं बादल्या उचलल्या. एका पोवळ्याचा सांगाडा झाला, एक मासा गेला. शिंपला ना मेला ना जगला, असा कितीतरी दिवस राहिला. तांब्या मी धर्माबरोबर पाठवून दिला, हंडा-कळशीसकट. साहेबांच्याही तपासण्या झाल्या, मुंबईला जाऊन आलो, त्यांच्या रोगालाही नाव मिळालं. डॉक्टर भले होते. शिंपल्यासाठी निदान वड्या तरी होत्या.

माणूस घरात असताना एकटं असणं फार वाईट. रिकाम्या घरात निदान मोठ्यानं रडता येतं. तांब्या पाठवला त्याच्या दुसऱ्या सकाळी साहेब उठले आणि ओट्यापाशी जाऊन दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. काय शोधतोय ते त्यांना सांगता येईना. नुसते हात उघडत नि मिटत होते. मी कपाटातून पांढरा जग काढून दिला, तो त्यांनी ओट्यावर ठेवून दिला; तो आता त्यांचा नव्हता. मग मी बाजारात जाऊन आईच्या तांब्याच्या आकाराचा स्टीलचा तांब्या आणला. तो चालला. तेव्हापासून रोज रात्री तो मी भरून ठेवते, जेवढं पाणी उडालं असेल तेवढंच, आणि रोज सकाळी साहेब तो ओततात.

यंदा गणपतीत कलशही स्टीलचाच मांडला. भटजींनी कुरकुर केली, कलश तांब्याचा लागतो म्हणाले. मी म्हटलं, गुरुजी, आमचा गणपती समजून घेईल, तुम्ही मंत्र म्हणा. धर्मा मागे उभा होता, तो हसला. साहेबांनी त्याला याही वर्षी विचारलं, कुठनं आलात? तो म्हणाला, जोह्याहून, भावजी. साहेब म्हणाले, लांबून आलात, चहा घ्या. त्यानं घेतला.

तर आज हे ऊन आलं. चहाचा कप हातात धरून मी तो पट्टा सोफ्यावरून टीपॉयवर, टीपॉयवरून टँकवर सरकताना बघत बसले. साडी बांधायला उठले नाही. शिंपला निम्मा उघडलाय आता. डावीकडची झालर भरून आलीय, पहिल्यासारखी निळी; उजवीकडची आखडली ती आखडलीच. साहेब आतून तांब्या घेऊन आले, कोपर टेकवलं आणि पाणी ओतलं. मग माझ्याकडे वळले. बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. माझ्या हातात काचेच्या बांगड्या आहेत, आणि एक जुनी, सोन्याचं पाणी गेलेली. तिच्याकडे बोट करून ते म्हणाले,

"हे तांबं तर नाही ना? इथे तांबं आणू नका हं तुम्ही. शिंपल्याला चालत नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

मी बांगडी काढून टीपॉयवर ठेवली. म्हटलं, "नाही आणणार, साहेब."

त्यांना बरं वाटलं. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं, पाहुण्याला दाखवतात तसं टँककडे दाखवलं, आणि म्हणाले, वरून हात न्या बघू. मी उन्हातून हात नेला. सावली शिंपल्यावर पडली. क्षणभर काही झालं नाही, आणि मग तो मिटला. हळू, पण मिटला.

साहेब लहान मुलासारखे हसले. "बघितलंत?" म्हणाले. "ओळखलं तुम्हाला."

"हो," मी म्हटलं, "ओळखलं," आणि त्यांचा चहा आणायला आत गेले.